निघण्यापूर्वीचे किलोमीटर

लांबच्या सायकलप्रवासाच्या नोंदी बहुतेक दोनच दिवसांच्या सापडतात, निघण्याच्या आणि पोचण्याच्या. निघताना हार पडतात, नारळ फुटतो. पोचल्यावर छायाचित्र निघते आणि वर्तमानपत्रात चार ओळी येतात. त्याआधीचे महिने मात्र कोणत्याच कागदावर उतरत नाहीत. माणसाने पहाटे किती वाजता उठून कोणत्या रस्त्यावर सराव केला, पहिल्यांदा किती अंतरावर त्याचे पाय बोलू लागले, त्या काळात घरातले काम कोणी उचलले, हे कोणी लिहून ठेवत नाही.

गेली काही वर्षे मी महाराष्ट्रातल्या सायकलच्या सार्वजनिक वापराच्या नोंदी जमवतो आहे. मी विद्यापीठातला संशोधक नाही. पिंपळगाव बसवंतला राहतो. जुनी वर्तमानपत्रे, संस्थांच्या स्मरणिका, प्रवासवर्णने आणि म्हाताऱ्या सायकलमिस्त्रींच्या गप्पा एवढीच माझी साधने. या लेखाचा विषय त्या नोंदींमधला एक लहान कोपरा आहे. एखाद्या सार्वजनिक कामाला हातभार लागावा म्हणून माणसे सायकलवर लांब जातात. अशा पहिल्या प्रवासाची तयारी म्हणजे नेमके काय असते, आणि तिचा भार कोणावर पडतो?

प्रश्नाला तात्कालिक कारणही आहे. या डिसेंबरात आम्ही दहा-बारा जण पिंपळगावहून पंढरपूरला सायकलने जाणार आहोत. साडेतीनशेहून थोडे अधिक किलोमीटर आणि तीन दिवस. दूरच्या पाड्यांवरून शाळेत चालत येणाऱ्या मुलींसाठी सायकली घ्यायच्या, असा हेतू आहे. पंचावन्नाव्या वर्षी एवढ्या लांबचा माझा हा पहिलाच प्रवास. निधीसाठी बाजार समितीच्या आवारात काही ओळखीच्या शेतकऱ्यांना भेटलो, तेव्हा टोमॅटोचे क्रेट उतरवता उतरवता एकाने सरळ विचारले, "सायकल तुम्ही चालवणार, मग पैसे मी कशाचे द्यायचे?"

त्याच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. बाजारात उभा असलेला माणूस कोणत्याही मालाबद्दल विचारतो तसाच तो प्रश्न होता. त्याचे उत्तर मला चटकन सुचले नाही, म्हणून मी जमवलेल्या नोंदी पुन्हा काढून बसलो.

चौकातला सायकलवाला

सायकल चालवून लोकांकडून पैसे जमवणे ही आपल्याकडे परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना तो सायकलवाला आठवत असेल. गावात एक दिवस मोकळ्या जागेत बांबू रोवले जात, पताका लागत, लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी सुरू होत. मधोमध आखलेल्या गोलात एक किडकिडीत माणूस सायकल फिरवू लागे. तीन दिवस, पाच दिवस, कधी सात दिवस तो खाली उतरत नसे. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढीही सायकलवर. दुपारी गर्दी पातळ असे, तेव्हा तो नुसता फिरत राही. संध्याकाळी माणसे जमली की खेळ सुरू होत. जमिनीवरचा रुमाल तोंडाने उचलायचा, हात सोडून चालवायची, अंगावर ट्यूबलाइट फोडून घ्यायची. शेवटच्या दिवशी गावातल्या मोठ्या माणसाच्या हस्ते त्याला उतरवले जाई. तोवर त्याच्या सदऱ्याला टाचणीने टोचलेल्या एक-दोनच्या नोटांची रांग लागलेली असे.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना असा एक सायकलवाला पाहिला होता. त्याच्या पायांना सूज होती, हे मला आजही आठवते. त्याने सराव कुठे केला, किती केला, हे विचारण्याचे ते वय नव्हते. आज वाटते की वेगळा सराव त्याला नसणारच. आदल्या गावचे सात दिवस हीच पुढच्या गावची तयारी.

या खेळाचा व्यवहार स्वच्छ होता. लोक पैसे देत ते एका देहाला सोसताना पाहून. मिळणारा पैसा त्याच देहाच्या पोटासाठी होता. अंतर शून्य, कारण सायकल गोलात फिरत होती. सार्वजनिक काम वगैरे मध्ये काही नव्हते. आजच्या निधीसाठीच्या सायकलप्रवासातला अर्धा भाग मात्र त्या गोलात आधीच होता. एकाने दमायचे आणि बघणाऱ्याने खिशात हात घालायचा.

वजन उचलणाऱ्यांचा क्लब

दुसरी नोंद मुंबईची आणि त्याहून जुनी. १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद होते. त्यांपैकी हकीम, बापासोला आणि भुमगरा या तिघांनी प्रदक्षिणा पुरी केली आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. तोवर सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते. १९३१ मध्ये त्यांचे 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड' हे इंग्रजी पुस्तक आले.

हा प्रवास दानासाठी नव्हता. तरीही तो इथे घेतला, कारण आपल्या भागातून निघालेल्या लांबच्या सायकलप्रवासांचा तो पाया आहे आणि त्यात तयारीचा एक धागा दिसतो. सहा मित्र रस्त्यावर भेटले आणि निघाले, असे झाले नाही. व्यायामशाळेत रोज एकमेकांसमोर घाम गाळणारे ते तरुण होते. कोण किती उचलतो, कोण लवकर चिडतो, कोण दुखणे लपवतो, हे त्यांना निघण्यापूर्वी ठाऊक असणार. लांबच्या प्रवासात पायांइतकीच ही माहिती उपयोगी पडते. तरी सहातले तीनच शेवटपर्यंत राहिले, यावरून त्या अंतराची जात कळते.

त्यांच्या आकड्यांचा मी एक साधा हिशेब केला. निघाल्यापासून परतेपर्यंत १,६१६ दिवस होतात. ७१,००० ला त्याने भागले तर मुक्काम, आजारपण, बोटीचे दिवस सगळे धरून रोजची सरासरी येते ४४ किलोमीटर. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा लागणार आहे.

मागण्यासाठी नव्हे

मराठी माणसाने एका कारणासाठी काढलेला सर्वांत मोठा सायकलप्रवास म्हणजे बाबा आमटे यांचे 'भारत जोडो'. २४ डिसेंबर १९८५ रोजी, साने गुरुजींच्या जन्मदिनी, ते कन्याकुमारीहून निघाले आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जम्मू-काश्मीरमध्ये पोचले. पाच हजार किलोमीटरच्या वर अंतर, आणि शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर. बाबांचे वय तेव्हा ७१. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे, म्हणून ते खास तयार केलेल्या वाहनात आडवे पडून सोबत होते. पंजाब तेव्हा पेटलेला होता. १९८८ मध्ये दुसरे अभियान ईशान्य भारतातून निघून पश्चिमेला गुजरातकडे गेले.

या अभियानाची घोषणा प्रसिद्ध आहे. हात निर्मितीसाठी आहेत, मागण्यासाठी नाहीत आणि मारण्यासाठीही नाहीत, असा तिचा आशय. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हे आनंदवनाचे सूत्रच होते. म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या हेतुपूर्ण सायकलप्रवासाचा नेता दानाच्या कल्पनेकडेच संशयाने पाहत होता. त्या प्रवासात किलोमीटरला भाव नव्हता. मुलांनी वाटेतल्या गावांत थांबावे, तिथल्या माणसांशी बोलावे, त्यांच्या घरचे खावे, हाच उद्देश. त्यासाठी सायकल सोयीची होती. मोटारीतून गाव मागे पडते, पायी गेले तर देश ओलांडायला वर्ष लागते. सायकलवरचा माणूस हाक मारली तर थांबू शकतो.

कन्याकुमारीपासूनचे ते अंतर दिवसांत वाटले तर रोजचे पन्नासच्या आसपास किलोमीटर पडतात. पुन्हा जवळपास तोच आकडा. सहभागी तरुणांत काही खेळाडू असतील, पण हा खेळाडूंचा वेग नाही. सायकल येणाऱ्या कोणाही निरोगी माणसाला चार-पाच आठवड्यांत साधेल असा आहे. अवघड होते ते दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणे, आणि पन्नासाव्या दिवशीही अनोळखी गावात नव्याने बोलायला उभे राहणे. ती तयारी पायांची नव्हे. श्रमसंस्कार छावण्यांमधून, एकत्र दगड फोडून आणि एकत्र पंगतीला बसून ती होत होती. सोमनाथच्या छावण्यांची परंपरा त्याच्या मागे होती.

मैलामागे पैसे

आजच्या निधीप्रवासाची पद्धत मात्र या वाटेने आली नाही. तिचा उगम पश्चिमेत सापडतो. तुम्ही अमुक अंतर जा, आम्ही प्रत्येक मैलामागे अमुक देऊ, किंवा तुमच्या नावावर एक रक्कम देऊ, असा हा करार. लंडन ते ब्रायटन हा सायकलप्रवास १९७६ मध्ये सुरू झाला आणि १९८० पासून हृदयरोगासाठी काम करणाऱ्या संस्थेशी जोडला गेला. १९८० मध्येच अमेरिकेत बिली स्टार या तरुणाने ३६ जणांना घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्य ओलांडले आणि कर्करोगावरील कामासाठी १०,२०० डॉलर जमवले. 'पॅन-मास चॅलेंज' या नावाने तो उपक्रम आजही चालतो.

त्याच वर्षी कॅनडात टेरी फॉक्स धावत होता. कर्करोगाने एक पाय गेलेला हा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी पूर्व किनाऱ्यावरून निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर आजार फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. तो सायकलस्वार नव्हता, पण तयारीच्या इतिहासात त्याला टाळता येत नाही. निघण्यापूर्वी त्याने वर्षाहून अधिक काळ सराव केला होता आणि त्या सरावातच पाच हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापले होते. जगाने पाहिले तेवढेच जवळपास त्याने आधी, कोणी पाहत नसताना, धावून घेतले होते.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हा सात दिवसांचा सायकलप्रवास सुरू झाला. तसेच प्रवास अमेरिकेच्या इतर भागांतही निघाले. पैसा प्रचंड जमला, आणि त्यातला किती भाग तंबू, जेवण, जाहिरात, व्यवस्थापन यांत जातो यावरून वादही तितकाच झाला. ते आयोजित करणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. उलट 'पॅन-मास चॅलेंज'ने २००७ पासून स्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर थेट कर्करोगाच्या कामाला देण्याची पद्धत पाळली. बाजार समितीतल्या शेतकऱ्याने मला जे विचारले, तेच त्या वादात अमेरिकेतले दाते विचारत होते. माझा पैसा रुग्णाला पोचतो की तुमच्या प्रवासाला?

नाशिकचे डॉक्टर

आमच्या जिल्ह्यात ही नवी पद्धत रुजली ती गेल्या पंधरा वर्षांत. नाशिक सायकलिस्ट्ससारख्या गटांनी शहरातल्या माणसांना पुन्हा सायकलवर बसवले. पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने नाशिक ते पंढरपूर सायकलवारी सुरू झाली आणि मूठभर माणसांचा उपक्रम पुढे शेकड्यांवर गेला. पायी वारीला शतकांची शिस्त आहे. मुक्काम ठरलेले, पंगती ठरलेल्या, दिंडीत कोणी कुठे चालायचे तेही ठरलेले. पहिल्यांदा लांब जाणाऱ्या सायकलस्वाराला त्या शिस्तीचा तयार आधार मिळाला.

याच वातावरणात २०१५ साल उजाडले. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ, एक भूलतज्ज्ञ आणि दुसरे दंतवैद्य, 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीत दोघांचा संघ म्हणून उतरले. पश्चिमेच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. आधी वाळवंटाचा उकाडा, मग रॉकी पर्वताचे चढ, मग मैदानांवरचा वारा. संघासाठी नऊ दिवसांची मुदत. भावांनी आलटून पालटून सायकल चालवत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत शर्यत पुरी केली. मुदतीला नऊ तास पाच मिनिटे उरली होती. अशी शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' हे संघाचे नाव. आदिवासींच्या डोळ्यांच्या आरोग्याचे काम लोकांपुढे यावे, हा हेतू त्या नावातच होता.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, नाशिकच्या रस्त्यांवर सराव केलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पुरी केली. बारा दिवसांची मुदत, त्यांना लागले ११ दिवस १८ तास ४५ मिनिटे. पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थही त्याच वर्षी पोचले. गोकुळनाथ २०१६ मध्येही उतरले होते आणि तेव्हा त्यांना मध्येच थांबावे लागले होते. तयारीच्या दृष्टीने मला २०१६ ची नोंद जास्त महत्त्वाची वाटते. अपुरी राहिलेली शर्यत हाही सरावच असतो, फक्त तो सर्वांच्या देखत झालेला असतो.

या यशाने एक गैरसमजही पसरला. पहिल्यांदा सायकल घेणाऱ्या माणसाला वाटू लागले की लांबचा प्रवास म्हणजे असाच पराक्रम. महाजन बंधूंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे २८० किलोमीटर आले होते. त्यांच्या मागे मोटारी, वाट दाखवणारे, सायकल दुरुस्त करणारे, खायला-प्यायला देणारे असे पथक होते. त्या उंचीची तयारी वर्षानुवर्षांची असते. पहिल्या प्रवासाला निघणाऱ्याने वेगळीकडे पाहायला हवे, असे मला वाटते.

दूधवाल्याचे किलोमीटर

पिंपळगावच्या आसपासच्या वस्त्यांवरून १९८० च्या दशकापर्यंत दूध सायकलवर येत असे. कॅरिअरच्या दोन बाजूंना दोन कॅन, पुढे दांड्याला किटली. त्या पिढीतल्या काहींशी बोलून मी त्यांच्या फेऱ्यांचे अंतर मोजले. सकाळची एक फेरी, संध्याकाळची एक. दिवसाचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर सहज होत. पावसात, थंडीत, घरात लग्न असो की मयत, फेरी चुकत नसे. प्रदक्षिणा करणाऱ्या पारशी तरुणांची सरासरी ४४. भारत जोडोची पन्नासच्या आसपास. आणि आमच्या दूधवाल्याची चाळीस-पंचेचाळीस, तीही पाठीमागे पन्नास लिटरचे ओझे घेऊन आणि एकाच गिअरवर.

हा योगायोग मला बोलका वाटतो. लांबचे अंतर एका दमात कापले जात नाही. रोजच्या साध्या अंतरातच ते असते. एका दिवसाच्या उसळीवर कोणी पंढरपूरला पोचेलही, पण तिसऱ्या दिवशी त्याला उचलून गाडीत घालावे लागेल. म्हणून सरावाचे माझे सगळे वेळापत्रक मी दूधवाल्यावरून बेतले.

जुलैत ओझरपर्यंत जाऊन परत, वीस-बावीस किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस. पावसाळ्यात नाशिककडे तोंड केले की वारा समोरून येतो. पहिल्या पंधरा दिवसांत तो वाराच शिकवतो. जड गिअर रेटायचा नाही. पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरते ठेवायचे, म्हणजे गुडघे वाचतात. बैठकीची उंची अशी की टाच पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. या गोष्टी पुस्तकात सापडतात, पण गावातल्या मिस्त्रीने बैठक बोटभर वर केली तेव्हा मला त्या खऱ्या कळल्या.

ऑगस्टपासून रविवारची एक लांब फेरी. ती दर आठवड्याला दहाएक टक्क्यांनी वाढवायची आणि चौथा आठवडा हलका ठेवायचा. आधी नाशिक आणि परत, साठ. मग कुसुमाग्रजांच्या शिरवाड्याचा फाटा ओलांडून चांदवड आणि परत, पासष्टच्या घरात. मग चांदवडच्या पुढे राहूड घाट उतरून पुन्हा चढायचा आणि मागे फिरायचे. घाट चढताना पहिल्यांदा उतरून चालावे लागले तर लाजू नये, असे जुने लोक सांगतात. चालत चढलेला माणूस दुसऱ्या दिवशी सायकलवर दिसतो.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे लागोपाठचे दोन दिवस. शंभर किलोमीटर एकदा जमले म्हणून तीन दिवसांचा प्रवास जमतो असे नाही. शनिवारी ऐंशी आणि रविवारी दुखऱ्या अंगाने पुन्हा साठ, हा सराव ऑक्टोबरात सुरू केला. पहिल्या दिवशी सोपे वाटलेले बारीकसारीक दोष दुसऱ्या दिवशी उभे राहतात. पँटची शिवण, हाताच्या तळव्याला येणारी बधिरता, पाणी कमी प्यायल्याने दुपारी धरणारे डोके. भूक लागण्याआधी खायचे आणि तहान लागण्याआधी प्यायचे. गूळ-शेंगदाणे, केळी, मीठ-साखर-लिंबाचे पाणी एवढ्यावर भागते.

लांब अंतराच्या मोजमापाची जागतिक पद्धतही आता आपल्याकडे आहे. फ्रान्समध्ये १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हा प्रवास सुरू झाला. त्या परंपरेतून 'ब्रेव्हे' आली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. यात पहिला-दुसरा नसतो. मुदतीत पोचला तो पोचला. चमकत्या जाकिटातले हे स्वार आमच्या महामार्गावरून जाताना दिसतात. पहिल्या प्रवासापूर्वी दोनशेचा एक ब्रेव्हे करावा असा सल्ला अनुभवी लोक देतात. तो चांगला आहे, कारण तिथे स्वाराला मदत घेता येते ती ठरलेल्या जागीच. पंक्चर त्याचे त्यालाच काढावे लागते.

आणि आमचा रस्ता. नाशिक ते पिंपळगाव सहापदरी, पुढे धुळ्याकडे चारपदरी. ऑगस्टपासून टोमॅटोच्या पिकअप गाड्या भल्या पहाटे बाजाराकडे धावतात. कांद्याच्या ट्रॉलीला मागचा दिवा नसतो. सर्व्हिस रोडवर ट्रॅक्टर समोरूनही येतो. पूर्वी सायकलला पालिकेचा बिल्ला आणि रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडत. तो दंड गेला, दिव्याची गरज वाढली. निफाड तालुक्यातली थंडी वेगळीच. डिसेंबरच्या पहाटे धुक्यात वीस फुटांवरचे दिसत नाही. तांबडा दिवा, परावर्तक पट्टी आणि उजाडेपर्यंत महामार्गावर न जाण्याचा नियम ही तयारी पायांइतकीच खरी आहे.

हिशेब

आता मूळ प्रश्न. सायकल मी चालवणार, मग पैसे त्याने कशाचे द्यायचे?

या नोंदींवरून मला जे कळले ते असे. चौकातल्या सायकलवाल्याला लोकांनी दिले ते त्याच्या सोसण्याचे. बाबा आमट्यांनी पैसे मागितलेच नाहीत, वेळ आणि दार उघडे मागितले. पश्चिमेतल्या पद्धतीत दाता देतो ते ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. हा माणूस एक अवघड गोष्ट करायला निघाला आहे, तेव्हा माझ्या पैशालाही तो हयगय करणार नाही, एवढाच तो विश्वास. त्या विश्वासाला पुरावा एकच असतो, तो म्हणजे तयारी. जो तयारी न करता निघतो, त्याचा भार तिघांवर पडतो. मागून येणाऱ्या गाडीवर, सोबतच्या स्वारांवर आणि शेवटी निधीवर, कारण गाडीचे डिझेल, औषधे, जादाचा मुक्काम हे सगळे कोणीतरी भरतेच. पहाटे चारला स्वाराबरोबर उठून डबा करणारे घरातले माणूसही या हिशेबात धरले पाहिजे. त्याची पावती कोणी फाडत नाही.

म्हणून आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. प्रवासाचा, जेवणाचा, गाडीचा खर्च प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून करायचा. दात्याचा पैसा आमच्या हातात न येता थेट सायकलींसाठी जायचा आणि पावती त्याच्या नावाने निघायची. तिसरी म्हणजे प्रत्येकाने सरावाची वही ठेवायची. तारीख, अंतर, मार्ग, काय दुखले, घरी कोणी काय केले. मागेल त्याला ती वही दाखवायची. त्या शेतकऱ्याला मी माझी वही दाखवली. त्याने पाने चाळली, चांदवडच्या फेरीची वेळ पाहिली, आणि किती मुलींना किती लांबून यावे लागते, हे विचारले. बोलणे सायकलस्वारावरून मुलींकडे वळले ते तिथे. निधीसाठी निघणाऱ्याला याहून अधिक काही मिळवायचे नसते.

एक विनंती करून थांबतो. भारत जोडोत तिशीच्या आत-बाहेर असलेले तरुण आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या रोजनिश्या, मुक्कामांच्या याद्या, घरी पाठवलेली पोस्टकार्डे कुठल्या तरी ट्रंकेत असतील. चौकातल्या सायकलवाल्यांची तर गावोगाव एखादे छायाचित्र, एखादे पिवळे पडलेले पत्रक एवढीच खूण उरली असेल. निघण्याच्या आणि पोचण्याच्या दिवसांची छायाचित्रे संस्थांकडे असतात. मधल्या आणि आधीच्या दिवसांचे कागद घरांतच असतात, आणि घर बदलताना तेच आधी रद्दीत जातात. दिवाळीची झाडलोट यंदा झाली असली, तरी पुढच्या वर्षी तो गठ्ठा हाताला लागला तर एकदा उघडून पाहावा.